भाऊजींची किड्यांची पेटी

आमच्या घरात झुरळ निघालं की मी चप्पल शोधायची आणि भाऊजी पेला शोधायचे. बहुतेक वेळा त्यांना पेला आधी सापडायचा. झुरळावर पेला पालथा घालायचा, खालून जुन्या पेपरचा कागद सरकवायचा आणि दोन्ही हातांनी अलगद धरून चाळीमागच्या मैदानात नेऊन सोडायचं. वर त्याला बजावायचं, "जा बाबा, आता हिकडं फिरकू नगंस." झुरळ काय ऐकतंय! ते भाऊजींच्या आधी घरी परत यायचं. आणि तो पेला राखेनं घासून घासून माझ्या हाताची सालं निघायची.

एवढ्यावर भागलं असतं तर मी म्हटलं असतं, असतो एखाद्याचा स्वभाव. पण हे गृहस्थ पुण्याला शेतकी कॉलेजात शिकत होते. कोणत्या किडीवर कोणतं औषध मारायचं, हे पुढे शेतकऱ्यांना सांगणार होते. आता बोला!

भाऊजी म्हणजे सोपान, माझे धाकटे दीर. सासर माझं खेडच्या पलीकडचं. खेडला आता राजगुरुनगर म्हणायचं असतं, पण आमच्या घरात कोणाच्या तोंडी ते बसलं नाही. आमचे हे चिंचवडच्या एका कंपनीत लागले, लग्न झालं, चाळीत दोन खोल्या मिळाल्या. मागून भाऊजी मॅट्रिक पास होऊन एक वळकटी आणि कंदील घेऊन दारात उभे राहिले. पुढची खोली त्यांची झाली. मागच्या खोलीत आम्ही दोघं, दोन पोरं, स्टोव्ह, मोरी आणि माझा संसार. खोटं कशाला बोलू, भाऊजी कधी एकदा पास होतात, नोकरीला लागतात आणि पुढची खोली मोकळी होते, याची मी वाट बघत होते. पोरं मोठी होत होती, पाय पसरायला जागा उरली नव्हती.

आणि ती खोली तरी माणसाची होती का? खिडकीत तेलाच्या डब्यांतून मिरचीची रोपं. खाटेखाली निरनिराळ्या मातीच्या पुड्या. काळी कुठली, तांबडी कुठली, मला काय कळतंय, मी एकदा सगळं झाडून एकत्र करून टाकलं. भाऊजी रागावले नाहीत. नुसते त्या ढिगाकडे बघत बसले आणि म्हणाले, "असूं द्या वहिनी. पुराचं पाणी आलं असतं तर असंच झालं असतं."

त्यांचा एक लाडका शब्द होता, निचरा. जमिनीत पाणी साचलं की मुळं कुजतात, म्हणून निचरा चांगला हवा, हे कोणीतरी त्यांना पहिल्या वर्षी शिकवलं आणि त्यांनी ते सगळ्या जगाला लावलं. थोरल्याचं पोट बिघडलं, "हू द्या वहिनी, निचरा हुतोय." माझं आणि ह्यांचं कडाक्याचं भांडण झालं, "लई चांगलं झालं, निचरा झाला." एकदा मी माहेरच्या आठवणीनं डोळ्याला पदर लावून बसले होते. भाऊजी शेजारी येऊन बसले, मग हळूच विचारलं, "झाला का निचरा? मग च्या टाकता का?"

माणसाकडे बघायची त्यांची नजरही शेतातलीच. शेजारच्या कांबळेवहिनींची मुलगी तापातून उठली होती, चेहरा उतरला होता. भाऊजींनी तिला उजेडात उभं केलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि निकाल दिला, "पानं पिवळी पडल्यात. नत्र कमी पडतंय."

"अहो भाऊजी," कांबळेवहिनी म्हणाल्या, "ती माझी लेक आहे. मेथी नाही!"

कांबळेवहिनींचं मात्र भाऊजींवर प्रेम होतं. झुरळाची मिरवणूक निघाली की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि मला म्हणायच्या, "बघा, आम्ही विहारात पंचशील म्हणतो, आणि पाळतात हे. प्राणिहिंसा करणार नाही म्हणजे नाही!" मी म्हणायचे, "मग घेऊन जा तुमच्याकडे, आमच्या ढेकणांसकट." कारण ढेकूणसुद्धा हा माणूस मारू द्यायचा नाही. खाट उन्हात टाकायची, बस. ढेकूण आपापल्या पायांनी जातील, असं त्यांचं म्हणणं. ते जायचे, आणि कुठे जायचे ते सगळ्या चाळीला ठाऊक होतं.

दोन वर्षं हे असं रडतखडत गेलं. भाऊजी हुशार होते असं नाही, पण नेटानं करायचे. पहाटे डबा घेऊन सायकल मारत पुण्याला जायचे, संध्याकाळी चिखलानं माखून यायचे. कधी कॉलेजच्या वाफ्यातला मुळा आणायचे आणि एवढं कौतुक सांगायचे की तो चिरायला हात धजायचा नाही. तिसऱ्या वर्षी मात्र कीटकशास्त्र आलं.

त्या विषयात प्रत्येकानं किड्यांची पेटी करायची असते. काचेच्या झाकणाची लाकडी पेटी, आत टाचणीला लावलेले पन्नास प्रकारचे किडे, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. पेटी दिली नाही तर प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत, आणि प्रॅक्टिकल नाही तर वर्ष गेलं. किडे पकडायचे, औषधाच्या बाटलीत घालून मारायचे आणि टोचायचे, अशी सगळी रीत. बाकीची पोरं जाळी घेऊन रानोमाळ पळत होती. आमचे भाऊजी ती बाटली घेऊन खाटेवर बसले होते. बाटलीकडे बघायचे, ठेवून द्यायचे. पुन्हा उचलायचे.

ह्यांनी बजावून टाकलं. आमचे हे बोलायला कमी, पण बोलले की दगडावरची रेघ. "सोपान, ह्या वर्षी गचकलास तर कॉलेज बंद. सुपरवायझरला सांगून ठेवलंय. हेल्परची जागा हाय."

भाऊजींनी मान हलवली. आमच्या ह्यांचं डाव्या हाताचं एक बोट प्रेस मशीननं नेलं होतं, आणि हे तर डोळ्यांत तेल घालून काम करणारे. मग भाऊजी मशीनवर उभे राहिले आणि समोरून एखादं फुलपाखरू गेलं तर? मला रात्रंदिवस तेच दिसायला लागलं. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. देवाला म्हणायचे, खोली मिळू दे न मिळू दे, भाऊजींना त्या मशीनपाशी नको नेऊस.

एक दिवस भाऊजी फार खुशीत आले. "वहिनी, तोड निघाली. मेलेले घ्यायचे."

"म्हणजे?"

"आपल्या मरणानं मेलेले. कंपन्यांच्या गेटावर मोठे दिवे हायेत न्हवं? किडे दिव्यावर येत्यात, आपटत्यात, सकाळी खाली पडल्याले असत्यात. आपण न्हाई मारले."

मी डोक्याला हात लावला. पण दुसरं करणार काय! उजाडायच्या आत भाऊजी खिशात रिकाम्या काडेपेट्या भरून बाहेर पडायला लागले. हायवेला लागून ज्या कंपन्या, त्यांच्या एकेका गेटावर वाकून वाकून काहीतरी वेचायचे, कापसात गुंडाळायचे, काडेपेटीत ठेवायचे. रिकाम्या काडेपेट्यांसाठी त्यांनी चाळीतल्या सगळ्या बिडीवाल्यांशी दोस्ती केली.

आणि व्हायचं तेच झालं. एका सकाळी मी कळशी घेऊन नळावरून आले, तर एका कंपनीचा वॉचमन भाऊजींच्या दंडाला धरून आमच्या दारात हजर! सगळी चाळ नळावरून इकडे बघते आहे.

"बाई, हा माणूस तुमचा का? रोज आमच्या गेटासमोर काहीतरी उचलतो. खिशात काय आहे विचारलं तर म्हणतो, हळू धरा, पाय तुटतील. कुणाचे पाय तुटतील?"

मी काडेपेटी उघडून दाखवली. आत कापसावर एक काळाभोर शिंगवाला भुंगा झोपला होता. वॉचमन बघतच राहिला.

"हे कंपनीचं आहे का?" त्यानं विचारलं.

"न्हाई," भाऊजी म्हणाले, "हे दिव्यावर आपटून मेलं."

वॉचमननं फार विचार केला. "गेटाच्या आत मेलं का बाहेर? आत मेलं असंल तर गेटपास लागतो."

हसावं की रडावं कळेना. शेवटी कांबळेवहिनींनी चहा आणला, मी खरी हकिगत सांगितली, आणि वॉचमन असा विरघळला की त्या दिवसापासून स्वतःच चांगले चांगले किडे निवडून केबिनमध्ये पेपराखाली झाकून ठेवायला लागला. पाय नसलेला किडा असला तर म्हणायचा, "हा चालणार नाही, रिजेक्ट."

पेटी भरत आली तसा माझा जीव जरा भांड्यात पडला. आमच्या ह्यांनी पॅकिंगच्या फळ्या आणून स्वतः ती पेटी केली होती, चार बोटांच्या हातानं, पण कोपरा कुठे हलत नव्हता. त्यात ते भुंगे, पतंग, टोळ ओळीनं लागले. चाळीतली माणसं बघून गेली. भाऊजी एकेकाची ओळख करून द्यायचे, अगदी घरचं माणूस असल्यासारखी. मी म्हटलं, आता पार पडलं. देवापुढे साखर ठेवली.

पेटी द्यायला आठवडा राहिला होता. दुपारी मी खोली झाडत होते, म्हटलं काच पुसून ठेवावी. बघते तर आत पूड! पेटीच्या तळाशी कोणी चहाची भुकटी सांडावी तशी तपकिरी पूड. टाचण्या उभ्या, चिठ्ठ्या जागच्या जागी, आणि किडे गायब. एका टाचणीवर नुसतं शिंग उरलं होतं. आणि त्या पुडीतून बारक्या बारक्या केसाळ अळ्या खुशाल फिरत होत्या.

संध्याकाळपर्यंत पोरांना उगाच धपाटे घातले. हे कामावरून आले, मागोमाग भाऊजी आले. मी पेटी पुढे सरकवली.

"डांबरगोळ्या टाकल्या नव्हत्या?" ह्यांनी विचारलं. पेटीत डांबरगोळ्या टाकायच्या, नाहीतर कीड लागते, हे कॉलेजात सांगितलेलं होतं. मी स्वतः दुकानातून आणून दिल्या होत्या.

"टाकल्या न्हाईत," भाऊजी म्हणाले. "आत बारकं कायतरी हलताना दिसलं होतं. म्हणलं, वास सहन व्हायचा न्हाई त्याला."

"अहो, त्या एकाला जपलंत आणि त्यानं सगळं खाल्लं!" मी ओरडलेच. "झालं ना? गेलं ना वर्ष?"

ह्यांनी पेटी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "ठरलं व्हतं ते ठरलं. सोमवारपासनं कंपनीत चल."

मला वाटलं, भाऊजी आता पाया पडतील, रडतील, एक संधी मागतील. मी मधे बोलायला तोंड उघडलं होतं. तर भाऊजींच्या तोंडावर काही दुःखच नाही. उलट खांदे सैल सोडल्यासारखे बसले, आणि म्हणाले, "बरं दादा." जरा थांबून विचारलं, "मग मी हितंच ऱ्हाईन ना?"

"हितं म्हणजे?"

"ह्या घरात. कंपनी जवळच हाय म्हणून ईचारलं."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. मी म्हटलं, "भाऊजी, खरं सांगा. मुद्दाम केलंत का हे?"

"आईच्यान न्हाई, वहिनी. मुद्दाम न्हाई." ते खाली बघून बोलत होते. "पर पेटी बघितली आन् पयलं काय वाटलं म्हणाल, तर बरं वाटलं. पास झालेली पोरं कुठं कुठं फेकत्यात, म्हाईत हाय का? कोण सोलापुराकडं, कोण चांद्याला. एकट्यानं खोली घ्यायची, एकट्यानं भाकरी थापायची. दादा कंपनीत आला तवा मी आठ वर्सांचा व्हतो. आबा गेलेले, आई दुसऱ्याच्या रानात रोजानं. मला बाजरीच्या राखणीला माळ्यावर बसवून जायची. दिवसभर तिथं मी आन् किडे. बोलायला दुसरं कोन न्हाई. मग बोर्डिंगात घातलं. तितंबी सुट्टीला समद्यांना न्यायला माणूस यायचं, मी शिपायासंगं ऱ्हायचो. हितं आल्यापासनं, सायकल लावली की आतनं तुमी ईचारता, जेवणार का आधी च्या? मला तेवढं बास हाय. शेतकी नसली तरी चालंल."

मी तीन वर्षं पोटात भीती घेऊन फिरत होते, हा माणूस नापास झाला तर काय! आणि हा माणूस तीन वर्षं त्याच घरात, त्याच भिंतीआड, पास झालो तर काय, म्हणून घाबरत होता. मला भयंकर राग आला. त्यांचा नाही, कोणाचा ते सांगता येणार नाही. आणि रडूही आलं. मी स्टोव्हकडे तोंड करून उगाच पंप मारत राहिले.

हे उठले, तोंड धुतलं आणि बाहेर गेले. मला वाटलं, सुपरवायझरकडे गेले असतील.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांना आणि शेजारच्या कांबळेंना रात्रपाळी लागली. पहिल्याच रात्रपाळीहून सकाळी हे आले, जेवणाचा डबा माझ्या हातात न देता भाऊजींच्या खाटेवर ठेवला. भाऊजींनी झाकण उघडलं. आत भाजीच्या कप्प्यात पतंग, भाकरीच्या कप्प्यात भुंगे. कांबळे मागोमाग आपला डबा घेऊन आले, त्यातही तेच. कांबळेवहिनी दारातूनच ओरडल्या, "ह्या डब्यात मी आता भाजी घालायची आहे का?" वॉचमननं कागदाच्या पुडीत निराळा माल पाठवला होता. सगळ्या पाळीनं हातात टॉर्च घेऊन गेटाखाली वेचलं म्हणे. सुपरवायझरनं विचारलं तर सांगितलं, कॉलेजचं काम आहे.

"दादा," भाऊजी म्हणाले, "हे कशाला?"

"पास व्हायचं," हे म्हणाले. "पास झालास म्हणून कोण घराबाहेर काढतंय तुला? नोकरी नोकरीच्या जागी. घर काय कंपनीचं हाय, का नोकरी सुटली की खाली करायचं?"

आमच्या लग्नानंतर मी ह्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब भाषण. बोलून झाल्यावर ते लाजले आणि मोरीत जाऊन मोठमोठ्यानं चूळ भरायला लागले.

मग आमच्या घरात किड्यांचा कारखाना सुरू झाला. मी पोळ्या लाटायच्या पोळपाटावर पंख पसरले, कांबळेवहिनींनी टाचण्या टोचल्या, पोरांनी चिठ्ठ्या कापल्या. डांबरगोळ्या मी माझ्या हातानं टाकल्या, आणि भाऊजींना तेवढा वेळ बाहेर उभं केलं.

तोंडी परीक्षेचं सगळं आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पेटी बघितली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तुझे सगळे किडे दिव्यावर येणारेच कसे? पिकावरची एक अळी नाही. कुठल्या शेतात गोळा केलेस?"

"कंपनीच्या गेटावर, सर."

"आणि उद्या शेतकऱ्याच्या पिकावर कीड पडली, तर तू काय करशील?"

भाऊजींना औषधांची नावं पाठ होती, पण ऐन वेळी एकही आठवेना. म्हणाले, "दिवा लावीन सर. खाली पाण्याचं घमेलं ठेवीन. ज्यांना यायचं ते येतील."

परीक्षक हसले. अशी खरंच एक पद्धत असते म्हणे, प्रकाशाचा सापळा. भाऊजी काठावर का होईना, पास झाले. निकालाच्या दिवशी मी चाळभर पेढे वाटले, आणि घरी आल्यावर बघते तर भाऊजी खाटेवर हात मांडीत घेऊन बसलेले. पुढच्या वर्षी पदवी मिळाली, शेतकी खात्यात नेमणूक आली. नगर जिल्ह्यातलं गाव. एस.टी.नं अर्धा दिवस.

ते गेले आणि पुढची खोली मोकळी झाली. पोरांनी दोन दिवस लोळून घेतलं. मी झाडायला गेले की मला तिथे करमायचं नाही. पोस्टमन दिसला की विचारायची. जेवत असतील का? कोणाशी बोलत असतील? जीव नुसता टांगणीला.

एका शनिवारी दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. चाळीत दिवसा कोण दार लावतंय, आमचं दार सताड उघडं होतं. आणि कडी वाजली. मान वर करून बघते, तर उघड्या दाराबाहेर भाऊजी उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत कोबीचा गड्डा. चपला बाहेर काढून, पाहुण्यासारखे कडेला उभे.

"येऊं का, वहिनी?"

माझं डोकंच फिरलं. "विचारता कोणाला? कडी वाजवायला काय सोयरीक घेऊन आलात? या आत! आधी हातपाय धुवा. आणि पुन्हा कडी वाजवलीत तर दार लावून घेईन, सांगून ठेवते!"

ते निमूट आत आले. मी ताट वाढलं. वांग्याची भाजी, भाकरी, कांदा. हेही शेजारी येऊन बसले. भाऊजींनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि हात तसाच धरून ठेवला.

"काय झालं? आवडलं नाही?"

"न्हाई, तसं न्हाई," ते म्हणाले. "ईचारायचं व्हतं. मी उद्या सकाळी निघू, का सोमवारी?"

"सोमवारी," मी म्हटलं.

"सोमवारी पयल्या गाडीनं," हे म्हणाले. "मी सोडतो सायकलवर."

तेव्हा कुठे त्यांनी पहिला घास तोंडात घातला.